पालक म्हणून माझा चेहरा

बोरवाडी, ता. कर्जत
९ डिसेंबर

चि. मोनिका,

तुला फोन लावून पाहिला. दोनदा वाजून कट झाला, त्यानंतर वाजायचाच बंद झाला. याला ब्लॉक करणं म्हणतात, असं शाळेतल्या पोरांनी सांगितलं. म्हणून हे पत्र पुंजारामच्या हाती देते आहे. टोळीचं पीठ-मीठ घेऊन त्याचा टेम्पो तुमच्या तळावर जातोच, त्यात एक पाकीट काही जड नाही. वाचायला वेळ लागला तर लागू दे. चौथी ते सातवी तू माझ्याच वर्गात होतीस, तेव्हा वाचता येत नाही ही सबब माझ्यापुढे चालायची नाही.

माफी मागायला लिहीत नाही. दिशाला तू शाळेतून काढून ऊसतोडीच्या तळावर नेलंस, त्याबद्दल लिहिते आहे. शनिवारी तू आलीस, पोरीच्या पाठीत धपाटे घातलेस, तिचे कपडे पिशवीत कोंबलेस आणि पुंजारामच्याच टेम्पोत बसवून तिला घेऊन गेलीस. टेम्पो माझ्या दारावरून गेला. तू मान वळवली नाहीस. दिशानं वळवली.

तुझा राग मला समजतो. पण गावात गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते तेव्हा तिला हातपाय फुटतात. तुझ्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे, म्हणून झालं ते क्रमानं लिहिते.

दसरा झाला आणि तू नि रविराज टोळीबरोबर सांगलीकडे गेलात. दिशा आजीजवळ, कडूबाईंजवळ राहिली. रोज संध्याकाळी आईशी बोलता यावं म्हणून तूच तिला फोन देऊन गेलीस. ते बरोबरच केलंस. मग तुम्ही मायलेकी ज्यावरून बोलायचात त्या व्हिडिओच्या ॲपनं सगळ्यांना वय विचारायला सुरुवात केली. मुलांच्या रक्षणासाठी कायदा आला आहे म्हणे. मी तो वाचलेला नाही, ॲपवाल्यांनी त्याचा काय अर्थ लावला तेवढं पाहिलं. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकानं आधार दाखवायचं, स्वतःचा चेहरा दाखवायचा, सांगेल तेव्हा डोळे मिचकावायचे आणि परवानगी द्यायची. वाडीतली बाकीची पोरं आजोबांचं जन्मवर्ष घालून मोकळी झाली. सहावीतला एक बहाद्दर त्या फोनच्या लेखी बेचाळीस वर्षांचा बाप्या आहे. तुझ्या मुलीनं स्वतःची खरी जन्मतारीख लिहिली आणि तिचं ॲप बंद पडलं.

तू तुझ्या फोनवरून खटपट केलीस. तुझ्या आधारला जोडलेला नंबर कुठल्या तरी हरवलेल्या सिमचा, त्यामुळे ओटीपी आलाच नाही. कडूबाईंनाही फोनपुढे बसवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, फोनला काही त्यांचे डोळे सापडेनात. शेवटी त्या वैतागल्या. "मिचकावून मिचकावून डोळं दुखाया लागलं. ह्याला आजून किती वाकुल्या दावू?" असं म्हणून उठून गेल्या.

मग दिशा माझ्याकडे आली. दुसरीकडे कुठे जाणार? दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत या वाडीत पालकांची सही म्हणजे माझी सही. प्रगतिपुस्तक असो, लसीचा कागद असो, सहलीची चिठ्ठी असो, आईबाप उसावर गेलेले, मग बाई करतात. निवृत्त झाले तरी ते काही सुटलं नाही. फोनपुढे बसले, डोळे मिचकावले, आणि त्या ॲपच्या दृष्टीनं दिशाची पालक झाले. त्या संध्याकाळी तू तिच्याशी बोललीस. मलाही फोनमधूनच म्हणालीस, "बाई, तुमी हायेत म्हनून बरं." ते तू विसरली असशील, म्हणून आठवण करून देते.

पुढचं असं. ॲपवर दिशाची यामिनी नावाच्या मुलीशी ओळख झाली. श्रीगोंद्याची, आठवीतली, चित्रं काढणारी. फोटोत दोन वेण्या. चित्रांवरून दोघींचं बरंच बोलणं चाले. मग यामिनीनं तिला कर्जतच्या स्टँडवर भेटायला बोलावलं, रंगपेटी देते म्हणाली. दिशा शाळा बुडवून एसटीनं गेली. तिथे रंगपेटी घेऊन एक चाळिशीचा माणूस उभा होता. मी यामिनीचा काका, ती घरी वाट बघते आहे, गाडीत बस, असं त्यानं सांगितलं. दिशा गाडीत बसली नाही. सरळ कंट्रोलरच्या खिडकीपाशी गेली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या मानसाला मी वळखत न्हाई." माणसं वळून बघेपर्यंत तो निघून गेला. पोलिसांत तक्रार दिली आहे. यामिनीचं खातं त्याच दिवशी नाहीसं झालं.

म्हणजे तुझी मुलगी सुखरूप परत आली आणि ती स्वतःच्या अकलेनं आली. यासाठी तिला मार कशाला?

अंगणात सगळ्यांसमोर दिशा माझ्याविषयी जे बोलली आणि त्यावर मी जे म्हणाले, ते कडूबाईंनी तुला सांगितलंच असेल. त्यात पुन्हा शिरत नाही. पोरं घाबरली की काहीबाही बोलतात.

आठवीचं वर्ष आहे. तिला परत पाठव.

नीलांबरीबाई


बोरवाडी
२३ डिसेंबर

मोनिका,

पुंजाराम रिकाम्या हातानं आला. पत्र दिलंस का विचारलं तर म्हणाला, "दिलं की. तिनं वाचलं का न्हाई ते म्या कशाला बघू? तिनं कनगीमागं खोचून ठिवलं." ठीक आहे. कणगीमागे असलं तरी उंदरांनी खाल्लं नाही तोवर वाचता येईल.

त्यानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दिशा तुमच्याबरोबर पहाटे फडात जाते आणि मोळ्या बांधते, ही एक. दुसरी सांगताना तो टेम्पोचं टायर तपासायला लागला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वंगाळ आहे. मुकादमाच्या नात्यातला एक मुलगा आहे, रविराजनं त्या स्थळाला नाही म्हटलेलं नाही. "पोरगी आता मोठी झाली, तिच्यावर कोन ध्यान ठिवनार, आसं म्हनत हुता," हे पुंजारामचे शब्द.

मला गंमत वाटते, मोनिका, खरं म्हणजे वाटत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. हीच मुलगी फोन वापरायला लहान आहे. अठरापर्यंत तिनं कुणाशी बोलावं यासाठी परवानगी लागते, आधार लागतं, चेहरा लागतो. आणि लग्नाच्या गोष्टीला ती एकदम मोठी झाली. चौदा पुरी नाहीत. माझ्याकडे तिचा शाळेचा दाखला आहे आणि कर्जतला कुणाकडे जायचं तेही मला ठाऊक आहे. रविराजला एवढं वाचून दाखव. धमकी समजला तरी चालेल, ती धमकीच आहे.

कायदा करणाऱ्यांचं मला एक नवल वाटतं. त्यांच्या डोळ्यांपुढे जे घर असतं त्यात संध्याकाळी आई घरात असते, बाप शेजारच्या खोलीत असतो आणि मूल बैठकीत फोन घेऊन बसलेलं असतं. आमच्या वाडीत सहा महिने आई फोनमध्येच असते. फोन बंद केला की आई बंद. हे कुणाला सांगायचं? असो.

दिशाची सोय कशी करता येईल याचा मी विचार केला आहे. कर्जतला मुलींचं वसतिगृह आहे, तिथल्या रेक्टरबाई माझ्या ओळखीच्या आहेत. ते नको असेल तर मुख्याध्यापकांच्या घरी त्यांची भाची राहते, तिच्या सोबतीला दिशा राहू शकेल, मी बोलून पाहीन. नाहीतर पूर्वीसारखी कडूबाईंजवळच, आणि मी रोज चक्कर मारीन. तिन्हीपैकी कोणतंही कळव. मी व्यवस्था करते.

कडूबाईंना कालच भेटले. त्या ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या बसा," पण बसायला पोतं काही पुढे केलं नाही. तुझी सासू आहे, तुझ्याच बाजूची असणार.

नीलांबरीबाई


बोरवाडी
६ जानेवारी

मोनिका,

या वेळी निरोप आला, पण तुझा नाही. पुंजारामनं टेम्पो वेशीतच थांबवला आणि इंजिन चालू ठेवून मला म्हणाला, "बाई, दिशानं सांगाय लावलंय. म्हनली, बाईला म्हनावं, मी खोटं बोल्ले न्हाई. आता तुमचं तुमी बघा." आणि गेला. एरवी चहा घेतल्याशिवाय न जाणारा माणूस.

तेव्हा अंगणातलं लिहायला हवं. तू त्या वेळी तिथे नव्हतीस, तुला कडूबाईंकडून कळलं असणार आणि त्यांना ऐकूही कमी येतं.

कर्जतहून दिशाला आणल्यावर कडूबाईंच्या अंगणात निम्मी वाडी जमली होती. मुख्याध्यापकांनी तिला विचारलं, अनोळखी माणसाशी बोलायची परवानगी तुला कुणी दिली? ती म्हणाली, "बाईंनी दिली. त्यांच्या फोनवर इचारलं हुतं. म्या तोंडानं बी इचारलं हुतं." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, माझ्याकडे असं काही आलेलं नाही आणि दिशानं मला काही विचारलेलं नाही.

ती खरं बोलत होती.

पालक झाल्यापासून ते ॲप माझ्या फोनवर काही ना काही पाठवत असे. दिशाला अमुक पाहायचं आहे, दिशाला तमुक ठिकाणी नाव घालायचं आहे, मान्य की नको? मी मान्य दाबत असे. मोनिका, मी आयुष्यभर सरकारी शाळेत काढलं. जनगणना, मतदारयादी, खिचडीचा तांदूळ, हागणदारीमुक्तीचा तक्ता, काय काय माझ्यापुढे आलं आणि मी त्यावर सही केली. वाचत बसले असते तर शिकवलं कधी असतं? कागद आला की सही करायची आणि पुढच्या मुलाचा पाढा ऐकायचा, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. फोनवर सहीच्या जागी बटण आहे, एवढाच फरक मला वाटला.

यामिनीचं आलं तेव्हा मी तूर निवडत होते. दिशा पायरीवर उभी राहून म्हणाली, "बाई, यामिनी म्हनून हाय, श्रीगोंद्याची. लई भारी चित्रं काढती. बोलू का तिच्याशी?" मी विचारलं, "अभ्यास झाला का?" ती म्हणाली, "झाला." मी म्हणाले, "मग बोल." हाताला तुरीची माती होती म्हणून करंगळीनं मान्य दाबलं. कोण यामिनी, कुणाची कोण, काही विचारलं नाही. चित्रं काढते म्हणजे चांगल्या घरातली असणार, असंही मनात येऊन गेलं असेल.

तिथे अंगणात मला हे आठवत नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. आठवत होतं. ती बोलायला लागल्याबरोबर आठवलं.

आता तू म्हणशील, मग खोटं का बोललात? मुख्याध्यापक माझे विद्यार्थी. अंगणात उभ्या असलेल्यांपैकी निम्मे माझे विद्यार्थी. त्या सगळ्यांना मी खोटं बोलल्याबद्दल कधी ना कधी अंगठे धरून उभं केलेलं आहे. तोंडून 'नाही' निघालं आणि मग ते परत घेता येईना. दिशानं दुसऱ्यांदा सांगितलंच नाही. बाई नाही म्हणतात म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार, हे तिला तिथल्या तिथे समजलं.

तिनं विचारलं होतं. मी परवानगी दिली होती. तिनं तुझ्या पाठीमागे काही केलं नाही. तिला जो मार बसला तो माझ्या वाट्याचा होता. मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. हे शेवटचं वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं, ते मला आवडलेलं नाही, पण खरं आहे म्हणून राहू देते.

रविराजलाही हे पत्र वाचून दाखव.

नीलांबरी


बोरवाडी
२७ जानेवारी

मोनिका,

मागच्या पत्राला उत्तर नाही. पुंजाराम एवढंच म्हणाला की तू ते कोपीच्या दारात उभं राहून वाचलंस, पुन्हा आत जाऊन वाचलंस, आणि त्या दिवशी रविराजचं नि तुझं वाजलं. काय वाजलं ते त्याला ठाऊक नाही म्हणे. तुमच्या कोप्यांना पाचटाच्या भिंती, तेव्हा ठाऊक नाही हे मला पटत नाही, पण मी खोदून विचारलं नाही.

मला वाटलं, तुला लिहून भागणार नाही. खोटं सगळ्यांपुढे बोलले होते.

काल झेंडावंदन झालं. दरवर्षी मुलांच्या कवायतीनंतर मला माईकपुढे दोन शब्द बोलायला लावतात, तसं लावलं. मी सांगितलं, कडूबाईंच्या अंगणात दिशा खरं बोलत होती आणि मी खोटं. परवानगी मागितली होती, मी न बघता दिली होती. दिशाला ज्यांनी नावं ठेवली असतील त्यांनी ती माझ्या नावापुढे घालावीत. एवढंच बोलले आणि बसले. मुख्याध्यापकांना पुढे काय करावं समजेना, त्यांनी ध्वजगीत पुन्हा म्हणवून घेतलं.

कडूबाई मागे बायकांत बसल्या होत्या. त्यांना शेजारणीनं कानात ओरडून सांगितलं. त्या उठल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आन मंग माझ्या नातीला मार कशापायी बसला? तवा वाचा गेल्ती का तुमची?" कुणीतरी त्यांना खाली बसवलं. बसवायला नको होतं.

चिवडा वाटताना जो तो मला समजवायला आला. बाई, तुमची काय चूक, चूक ॲपची. बाई, हे मोबाईलचं प्रकरणच असलं. एकजण म्हणाला, कायदाच चुकीचा आहे. मी त्याला म्हटलं, कायद्यानं मला विचारलं होतं, मान्य की नको. उत्तर मी दिलं. त्यानं चिवड्याचा कागद खिशात घातला आणि निघून गेला. पूर्वीसारखेच सगळे माझ्याशी अदबीनं बोलत होते. पण कार्यक्रम संपल्यावर एक बाई प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे यायला निघाली आणि अर्ध्या वाटेतून वळून मुख्याध्यापकांकडे गेली. तिचं बरोबर आहे. मला मात्र ते लागलं.

दुपारी कर्जतला जाऊन पोलिसांत नवा जबाब दिला. तिथल्या मुलीनं, हवालदार आहे ती, माझ्या फोनवरचे सगळे निरोप तपासले. मी विचारलं, त्या माणसानं स्वतःला आठवीतली मुलगी म्हणवून घेतलं तेव्हा त्यालाही पालकाची परवानगी लागलीच असेल ना, मग त्याचा पालक कोण झाला? ती म्हणाली, "तेच तर शोधतोय, मॅडम." म्हणजे त्याच्यासाठीही कुणीतरी फोनपुढे बसून डोळे मिचकावले. परत येताना एसटीत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

आता तुझ्याकडून काय ते कळव. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंशी मी बोलून ठेवलं आहे.

नीलांबरी


बोरवाडी
८ फेब्रुवारी

मोनिका,

पुंजारामनं तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यानं तो वाटभर पाठ केलेला दिसला. मीही जसाच्या तसा लिहिते, म्हणजे मी त्यात फिरवाफिरव केली असं व्हायला नको.

"मुकादमाला मोनिकानं सांगितलं, माझी पोरगी आजून शाळंत हाय, स्थळबिळ घिऊन यायचं न्हाई. रविराज दोन दिस जेवला न्हाई, मंग जेवला. पोरगीला ती धाडनार हाय. पन सासूकडं न्हाई, तिला दिसंना झालंय. वसतिगृहात न्हाई, हेडमास्तरकडं न्हाई. म्हनली, बाईच्या घरी. फोनमदी पालक व्हाया आल्या, आता घरात व्हा म्हनावं. जमत आसंल तर व्हय म्हना, न्हाईतर पोरगी हितंच ऱ्हाईल आन परत चिठ्ठी धाडू नका."

पुंजाराम परतताना पोल्ट्रीवर माल भरणार होता, तोवर मी वेळ मागितला.

तू माझ्या पत्रांतून ते बरोबर हेरलंस. मी तुला तीन घरं सुचवली, त्यांत माझं नव्हतं. वाडीतली किती पोरं माझ्या ओसरीवर शिकली. उंबऱ्याच्या आत एकही आलेलं नाही. तूही पाणी ओसरीवरच प्यायलीस. त्याला लोकांनी आपापली कारणं लावली असतील, आणि माझ्या आईच्या वेळी ती खरीही होती. माझं कारण एवढंच की मला घरात कुणी नको असतं. माणूस घरात आलं की ते आजारी पडतं, रडतं, रुसतं, त्याला काय हवं नको ते बघावं लागतं. सही करून हे सगळं टळतं. एकटीनं राहायचं मी ठरवून राहिले आणि मला त्याचं दुःख कधी वाटलं नाही.

पुंजारामला कोंबड्यांची खोकी भरायला बराच वेळ लागला. तेवढ्यात मी मधली खोली उघडली. तिथे माझ्या भावाच्या पेट्या आहेत आणि जुनी मासिकं. खिडकी दक्षिणेला आहे, उजेड चांगला येतो. एक टेबल बसेल. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. मुलगी माझ्यावर चिडलेली आहे, तिला चिडायचा हक्क आहे, आणि तशा मुलीशी रोज काय बोलायचं असतं ते मला माहीत नाही.

पुंजारामला मी हो सांगितलं आहे. तो म्हणाला, "मंग पेट्या हलवाया म्या पोरं धाडू का?" पाठव म्हटलं.

तिला काय खायला आवडतं ते कळव. कडूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "समदं खाती," यावर माझा विश्वास नाही.

नीलांबरी


बोरवाडी
२२ फेब्रुवारी

मोनिका,

दिशा पोचली हे तुला कळलंच आहे. खुशाली रोज फोनवर सांगतेच आहे, पण फोनवर ती शेजारी बसलेली असते, त्यामुळे काही गोष्टी राहतात. त्या लिहिते.

तिच्या हाताला उसाच्या पात्यानं कापलेलं भरत आलं आहे. तेल लावायला मी हात पुढे केला तर तिनं बाटली काढून घेतली आणि स्वतः लावलं. शाळेत जाते. गणितात मागे पडली आहे, बाकी ठीक. सकाळी माझ्या आधी उठते आणि अंगण झाडून टाकते. मी सांगितलं, हे काम तुझं नाही. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं. चित्रं काढत नाही. मी कर्जतहून खडू आणून टेबलावर ठेवले, ते तिथेच आहेत. मी त्याविषयी बोललेले नाही.

पहिले आठ दिवस "हां" आणि "न्हाई" याखेरीज तिनं माझ्याशी शब्द काढला नाही. मला शांततेची सवय आहे असं मी समजत होते. दुसऱ्या माणसाची शांतता वेगळी असते, त्या शांततेत मला अक्षरशः जेवण गोड लागेना.

फोन मी तिच्या हाती दिला. ती म्हणाली नको. म्हटलं, आईशी बोलायला? म्हणाली, "तुमच्याच फोनवरनं बोलंन, तुमच्या म्होरं." मी म्हटलं, माझ्यासमोर बोलायची गरज नाही, खोलीत जाऊन बोल. ती गेली नाही. तू रोज तिचा आवाज ऐकतेस तो माझ्या स्वयंपाकघरातून येतो.

काल रात्रीचं जेवण चाललं होतं. मी भाकरी करत होते, ती पाटावर बसली होती. ताटाकडे बघतच तिनं विचारलं, "बाई, तुमी खोटं का बोल्ला?"

बरंच काही तिला सांगता आलं असतं. अंगठे धरून उभं केलेल्या पोरांचं, हाताला लागलेल्या सवयीचं. तुला लिहिलेलं सगळं माझ्याकडे तयार होतं. मी म्हणाले, "मला भीती वाटली."

ती म्हणाली, "मला बी लई भ्या वाटलं हुतं. स्टँडावर बी वाटलं आन अंगनात बी वाटलं. तरी म्या खरंच बोल्ले."

तव्यावरची भाकरी करपली. ती मी माझ्या ताटात घेतली आणि तिच्यासाठी दुसरी थापली.

नीलांबरी